दुपारी बाराची सावली

मुलांची वर्कशीटं तपासताना सातव्या कागदाला कुमुदिनीच्या डोक्यात तिडीक गेली. दुपारी बारा वाजता सावलीची लांबी बेचाळीस सेंटिमीटर. आठव्या कागदावरही बेचाळीस. नवव्या कार्ट्याने जरा अक्कल चालवून एकेचाळीस लिहिलं होतं, आणि दहाव्याने, म्हणजे अमोघने, पुन्हा इमानेइतबारे बेचाळीस. वर त्या शहाण्याने कागदाच्या तळाशी ‘पान सहापैकी तीन’ हेसुद्धा उतरवून काढलं होतं! ट्यूशनवाल्याने पीडीएफ पाठवली आणि पोरांनी डोळे मिटून ती कागदावर ओतली.

“अहो, बघा हे! एकतरी मेला गच्चीवर गेला असेल का?” तिने कागद नवऱ्याच्या तोंडापुढे फडकवले.

उमाकांत बँकेतला माणूस, रविवारची दुपार, समोर गरम कॉफी. “सगळ्यांचं सारखं आलंय म्हणजे बरोबरच असेल की,” तो म्हणाला.

“तुमचं कपाळ!” असं म्हणून ती पुढच्या कागदाकडे वळली.

काम काही अवघड नव्हतं हो. एक मीटरची काठी गच्चीवर उभी करायची, सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत दर तासाला सावलीची लांबी मोजायची आणि ती कुठल्या दिशेला पडते ते लिहायचं. आठवीच्या पोराला यात कसला आलाय त्रास? पण वेस्ट मांबलमच्या त्या शाळेत प्रॅक्टिकल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. तिला खाकी कव्हर हवं, समास आखलेला हवा, आकृती पेन्सिलीनेच हवी. आत काय आहे याची फिकीर कुणाला! तीन वर्षांपूर्वी उमाकांतची बदली चेन्नईला झाली आणि कुमुदिनी या शाळेत लागली, तेव्हापासून ती याच भिंतीवर डोकं आपटत होती. पुस्तक मिटा, उन्हात जा, आपल्या डोळ्यांनी बघा, हे सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडली. पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात या वर्षी शाळेने दिल्लीकडच्या कुठल्याशा कंपनीची वर्कशीटं विकत घेतली होती. सोबत आन्सर-की. मार्क कंपनीच्या पोर्टलवर भरायचे. आन्सर-की म्हणत होती की बाराची सावली उत्तरेकडे आणि लांबी पस्तीस ते पन्नास सेंटिमीटर. म्हणजे नक्कल करणाऱ्यांना पाचपैकी पाच देणं भाग! चोर तो चोर, वर शिरजोर. एकेका कागदावर ती चरफडत पाचाचा आकडा काढत गेली.

एकोणचाळिसावा कागद सौम्याचा निघाला. सौम्या म्हणजे तिसऱ्या बाकावरची लहानखुरी मुलगी, तंजावूरकडच्या जुन्या मराठी घरातली, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. बाराची सावली अठरा सेंटिमीटर. दिशा दक्षिण.

दक्षिण! इतका वेळ दाबून धरलेला सगळा राग कुमुदिनीने त्या एका कागदावर काढला. बाकीच्यांनी निदान नक्कल तरी नीट केली होती. हिला तेवढंही जमू नये? ती स्वतः जळगावच्या शाळेत असताना त्यांच्या मास्तरांनी डिसेंबरात मैदानावर काठी रोवून घेतली होती आणि सावली उत्तरेला पडलेली तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिने शून्य दिलं आणि लाल पेनाने खाली लिहिलं, ‘तू उन्हात गेली तरी होतीस का?’ मग सगळे मार्क पोर्टलवर चढवून मोकळी झाली.

सोमवारी कागद वाटले. सौम्याने आपला कागद वाचला, पुन्हा वाचला आणि उभी राहिली.

“मिस, मी उन्हात गेले होते.”

“मग होकायंत्र उलटं धरलं असशील,” कुमुदिनी म्हणाली. वर्ग खो खो हसला. सौम्या खाली बसली आणि तासभर तिने मान वर केली नाही.

हे पाच मार्क म्हणजे गंमत नव्हती. पहिल्या चाचणीनंतर आठवीच्या तुकड्या नव्याने पाडायची या शाळेची रीत होती. साठच्या वर असलेली मुलं ‘ए’त, खालची ‘बी’ आणि ‘सी’त. ‘ए’ हुकलेल्या मुलाला पुढे अकरावीला सायन्स मिळाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. शुक्रवारी यादी लागायची होती आणि सौम्याचे झाले होते सत्तावन्न.

मंगळवारी शाळा सुटताना एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी उभे होते. पांढरं धोतर, कपाळाला गंध, हातात काळी छत्री. सौम्याचे आजोबा, नारायणस्वामी, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी हात जोडले आणि मराठीत सुरुवात केली. त्या मराठीला तमिळचा हेल होता आणि शब्द दोनशे वर्षांपूर्वीचे.

“बाई, मार्क मागाया नाहीं आलों मी. पोर झूट बोलली नाहीं, इतकेंच सांगाया आलों. अस्का दिवस, सकाळपासून तिनापर्यंत, मी तिच्या माथ्यावर छत्री धरून उभा होतों. छत्रीची सावली काठीवर पडूं नये म्हणून एकीकडे सरकून.”

“आजोबा, मुलांकडून चुका होतात,” कुमुदिनीने समजुतीचा सूर लावला. “बाराची सावली उत्तरेलाच पडते. मी स्वतः पाहिलंय लहानपणी.”

“कोठें पाहिलेंत?”

“आमच्या जळगावला.”

“आणि हिकडे?”

कुमुदिनी मनातल्या मनात फणकारली. हिकडे? हिकडे कशाला बघायचं? सूर्य काय गाव बघून चालतो? पण म्हातारा वाद घालायला थांबलाच नाही. नमस्कार करून, छत्री उघडून तो चालता झाला. छे! चार शब्द भांडला असता तर बरं झालं असतं. ते एवढंसं ‘हिकडे’ तिच्या डोक्यात रात्रभर ठणकत राहिलं.

बुधवारी तिला मधले दोन तास मोकळे होते. ती तरातरा घरी आली, फरशी पुसायच्या मॉपची दांडी काढली आणि गच्चीवर चढली. जुलैचं ऊन, पायाखाली तापलेला तवा. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पलीकडे बादलीत वाळू भरून तिने दांडी सरळ उभी केली. या भागात दिशा कळायला होकायंत्र लागत नाही. रेल्वे लाइनीच्या पलीकडे टी. नगर, तिकडे रोज सूर्य उगवतो. टी. नगरकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला सैदापेट, ती दक्षिण.

बाराला दहा कमी असताना सावली तिरकी होती. बारा वाजून दहा मिनिटांनी ती सरळ झाली. आखूड, वीतभर, आणि थेट सैदापेटच्या बाजूला.

कुमुदिनीने दांडी फिरवून पुन्हा लावली. जणू दांडीचीच चूक होती! सावली तिथेच. मग तिने मान वर करून हाताच्या आडून सूर्याकडे पाहिलं. तो डोक्याच्याही पलीकडे, उत्तरेकडे कलला होता. अरे देवा! या दिवसांत सूर्य इथे डोक्यावरून ओलांडून उत्तरेला जातो. कर्कवृत्त, उत्तरायण, सगळं आपणच फळ्यावर काढतो, दर वर्षी काढतो, आणि एकदाही गच्चीवर येऊन बघावंसं वाटलं नाही. पोरांना ‘डोळ्यांनी बघा’ म्हणून कंठशोष करणारी ही बाई स्वतः जळगावच्या डिसेंबरावर चेन्नईचा जुलै तपासत होती. आणि जिने खरोखर पाहिलं, तिलाच विचारलं, उन्हात गेली होतीस का. तिला त्या रणरणत्या उन्हात स्वतःची विलक्षण लाज वाटली.

चप्पल अर्धवट घालून ती शाळेत पोचली ती थेट वाणी मॅडमच्या केबिनमध्ये. वाणी मॅडम म्हणजे शाळेच्या को-ऑर्डिनेटर. वेळापत्रक, परीक्षा, पोर्टल, सगळं त्यांच्या हातात. बोलणं इंग्रजीत झालं, आणि कुमुदिनीचं इंग्रजी रागात फार धावतं.

“आन्सर-की चुकलीय, मॅडम. दिल्लीत बसून लिहिलीय ती. दिल्लीला सावली बारा महिने उत्तरेला पडते. आपल्याकडे एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दक्षिणेला. एकट्या सौम्याचं बरोबर आहे.”

वाणी मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरं. म्हणजे उरलेल्या अडतीस जणांचं चूक?”

“अर्थात! नक्कल केलीय सगळ्यांनी.”

“त्या अडतीस जणांना मार्क कोणी दिले?”

“मी.”

“सही कोणाची आहे?”

“माझीच.” कुमुदिनीचा आवाज खाली आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“मिसेस कुमुदिनी, माझा तुमच्यावर विश्वास आहे,” वाणी मॅडम म्हणाल्या, आणि पंचाईत अशी की त्या अगदी मनापासून बोलत होत्या. “पण मार्क भरून झाले की पोर्टल बंद होतं. आन्सर-कीबद्दल कंपनीला तक्रार पाठवता येईल. त्यांचं उत्तर यायला एकवीस दिवस लागतात. यादी परवा लागणार. एकच वाट आहे. एखाद्या मुलाने असाइनमेंट पुन्हा करून दिली तर उद्या चारपर्यंत त्याचे मार्क बदलता येतात. मात्र आन्सर-कीशी जुळलं पाहिजे.”

“म्हणजे खरं लिहिणाऱ्या मुलीने खोटं लिहून आणायचं?”

“पुन्हा लिहून आणायचं,” वाणी मॅडम म्हणाल्या. “मुलीला मी कळवते.”

“काही कळवू नका!” असं ओरडून कुमुदिनी बाहेर आली. संध्याकाळी तिने प्रिन्सिपॉलना दोन पानी पत्र लिहिलं. गच्चीवरचे फोटो जोडले, अक्षांशांची आकृती काढली, स्वतःची चूक स्वतःच्या हाताने कबूल केली. प्रिन्सिपॉल कोइम्बतूरला गेले होते, सोमवारी येणार होते. वा! सोमवारी!

गुरुवारी तिने कुणालाही न विचारता आठवी बी मैदानावर काढली. काठी रोवली. एकोणचाळीस पोरं गोल करून उभी राहिली. बारा वाजून दहा मिनिटं झाली आणि सावली दक्षिणेकडे, पाण्याच्या टाकीच्या बाजूला सरळ पडली.

“कुठली दिशा?”

“साउथ, मिस,” पोरं पुटपुटली. अमोघ तर वाकून सावलीला बोट लावून आला.

“मग गेल्या आठवड्यात सगळ्यांनी काय लिहिलं? आणि मी काय तपासलं? चुकलं आपलं सगळ्यांचं. माझं सगळ्यांत जास्त. या वर्गात एकटी सौम्या उन्हात गेली होती, आणि मी तिला सगळ्यांदेखत खोटं पाडलं. सौम्या, मला माफ कर.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सौम्याने मान हलवली, पण हसली नाही. कुमुदिनीला मात्र चार दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. तेवढ्यात दर्शनने हात वर केला. पहिल्या बाकावरचा, वर्गात पहिला येणारा.

“मिस, परीक्षेत काय लिहायचं?”

“जे बघितलंस ते.”

“पण परीक्षेचा पेपरपण तीच कंपनी काढते ना?”

सगळ्यांचे डोळे तिच्यावर. “जे बघितलंस तेच लिहायचं,” ती पुन्हा म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. घंटा झाली म्हणून तिची सुटका झाली.

साडेतीनला ती स्टाफरूममध्ये कॉम्प्युटरपाशी बसली होती. सौम्या दारात आली, आत आली आणि एक नवा कागद तिने टेबलावर ठेवला. समास आखलेला, आकृती पेन्सिलीने काढलेली. बाराची सावली बेचाळीस सेंटिमीटर. दिशा उत्तर.

कुमुदिनीने कागद उचलला.

“हे काय आहे, सौम्या?”

“असाइनमेंट, मिस. वाणी मॅडमनी काल फोन केला होता. चारच्या आत द्यायचीय.”

“अगं, पण दुपारीच आपण सगळ्यांनी पाहिलं ना! तू पहिल्यापासून बरोबर होतीस. आख्ख्या शाळेत तू एकटी बरोबर होतीस!”

“हो, मिस.”

“मग हे का लिहिलंस? आजोबांना माहीत आहे का?”

“नाही. त्यांना सांगू नका.” सौम्याने खाली पाहिलं. रागाने नाही, रडतही नाही, एखाद्या मोठ्या माणसाला समजावून सांगावं तसं ती म्हणाली, “मिस, मी बरोबर लिहिलं तेव्हा तुम्ही झिरो दिलात. मला ‘ए’ सेक्शन पाहिजे.”

घड्याळात चाराला पंचवीस मिनिटं कमी होती. नाही म्हणावं? हा कागद टराटरा फाडावा, सोमवारी प्रिन्सिपॉलपुढे तमाशा करावा? करायला कुणाची हरकत होती! पण यादी उद्या लागणार होती, आणि ‘ए’ तुकडी हुकणार होती या पोरीची, कुमुदिनीची नव्हे. आपल्या तत्त्वाची किंमत या तेरा वर्षांच्या मुलीने का मोजावी? या कंपनीच्या, या पोर्टलच्या आणि स्वतःच्या नावाने तिने मनातल्या मनात बोटं मोडली.

“मिस, टाइम होईल,” सौम्या हळूच म्हणाली.

कुमुदिनीने कागदावर सही केली. पोर्टल उघडलं, सौम्याच्या नावापुढचं शून्य खोडलं आणि पाच भरले. पूर्ण मार्क भरले की पोर्टल शेरा आपोआप टाकतं. सौम्याने वाकून पडद्यावरचं वाचलं, ‘एक्सलंट ऑब्झर्व्हेशन.’ आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती हसली.

“थँक यू, मिस,” ती म्हणाली आणि पळत वर्गाकडे गेली.