इकराचा फोन

आमच्या इकराला अक्कल आहे, पण या सुट्टीत ती अमेरिकेतच ठेवून आली होती. तिकडे कायदा शिकते ना! हफ्र अल बातिनला माझ्या बहिणीकडे जाऊन आम्ही रियाधला परतत होतो. चेकपोस्टवर गाडी थांबली आणि या बयेने काचेतून उंटांचा फोटो काढला. उंटांच्या मागे लष्कराच्या गाड्या उभ्या होत्या.

शिपाई खिडकीशी आला. फोन मागितला.

"वॉरंट आहे?" इकराने इंग्रजीत विचारलं.

माझा नवरा कादिर घाईघाईने गाडीचे कागद काढायला लागला. या देशात उभी हयात गेली, पण त्याने कुणाला 'का' म्हणून विचारलं नाही. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला तर नोकरी, घर, सगळं खलास. आणि पोरीलाच उचलून नेलं तर? कॉलेजातल्या मोर्चाचे फोटो तिने मला हौसेने दाखवले होते. ते सगळे त्याच फोनात!

"अगो, दे की मुकाट्याने! ही तुझी अमेरिका नाय!"

"तेच ना, अम्मी. तिथे कॉन्स्टिट्यूशन आहे. कुणी उठून फोनला हात लावत नाही."

मी फोन हिसकावला, तिचं बोट धरून त्यावर दाबलं आणि उघडा फोन शिपायाला दिला. तो बघत राहिला, बघतच राहिला. रोजची दुआ अर्ध्यावर अडकली, पुढचं आठवेना.

त्याने उंटांचा फोटो पुसला. फोन परत दिला. "यल्ला," म्हणत पुढे जायची खूण केली.

नाका मागे पडल्यावर मला रडू फुटलं. "मोर्चाचे फोटो दिसले कसे नाहीत त्याला?"

"नव्हतेच. निघायच्या आधी सगळं डिलीट केलं."

"इकडच्या भीतीने? शहाणी गो माझी बाय!"

"इकडच्या नाही." ती बाहेर बघत होती. "परत जाताना तिकडच्या एअरपोर्टवर फोन उघडून बघतात. वॉरंट लागत नाही. मी व्हिसावर आहे, अम्मी. कुणालाही परत पाठवतात."

"मग मघाशी कसल्या बढाया मारत होतीस?"

आपली लेक तरी कुणाला भीत नाही, एवढ्यावर मला रात्री झोप लागायची. तेही गेलं.

दर शुक्रवारी मी तिला माझ्या आवाजात दुआ पाठवते. म्हटलं, "ती तरी ठेवलीस ना?"

"ती अरबीत आहे, अम्मी. सगळ्यात आधी तीच पुसली."