पानभर फोटो

"काका, वेळ लागणार असेल तर मी नंतर येते," मुलगी म्हणाली खरी, पण जागची हलली नाही. हलणार तरी कशी? चष्मा काचवाल्याच्या हातात होता आणि त्याच्याशिवाय तिला दुकानाचं दारसुद्धा अंदाजानेच शोधावं लागलं असतं.

"बस गं. नुसता स्क्रू पडलाय. काच शाबूत आहे."

ती काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली, पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि नाक पानाला टेकेल इतकं जवळ धरून चाळू लागली. काचवाल्याने भिंग डोळ्याला लावलं. या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्याचा जन्म गेला होता. मालक बदलले, पाटी बदलली, आतल्या खोलीतलं मशीन बदललं. काचवाला तोच राहिला. गिऱ्हाईक काय वाचतं, कुणाशी भांडतं यात नाक खुपसायची त्याला सवय नव्हती. पण मुलीने पुस्तक काउंटरवर उघडंच ठेवलं आणि त्याची नजर पडली. पान त्याच्या बाजूने उलटं होतं, तरी ओळखायला क्षणही लागला नाही. आई उलटी दिसली म्हणून काय परकी होते?

पानभर फोटो होता. पायऱ्यांखालची खोली, मांडीवर उघडी छत्री, ओठांत दोरा. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं : चित्रकाराची आई.

"हे कोण गं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला माहीत नाहीत?" मुलगी चित्रकलेच्या कॉलेजातली होती, तिला जोरच चढला. "ते मोठमोठी काळी चित्रं काढतात ना, ते. आई छत्र्या दुरुस्त करायची त्यांची. म्हणून तर प्रत्येक चित्रात काळं कापड असतं आणि त्यावर शिवण. आम्हाला अख्खं पुस्तक परीक्षेला आहे. आईवरचा प्रश्न तर हमखास येतो. दहा मार्कांना."

"ही माझी आई आहे."

"अय्या! म्हणजे तुम्ही त्यांचे भाऊ?"

स्क्रू आवळून त्याने चष्मा तिच्या हातात दिला आणि पुस्तक जरा वेळ बघू का म्हणून विचारलं. फोटोशेजारच्या पानावर लिहिलं होतं की काळ्या अवकाशातली ही शिवण म्हणजे मातृदेहाची स्मृती होय. हे त्याच्या डोक्यावरून गेलं. पुढचं मात्र थेट काळजात शिरलं. आई छत्रीच्या उरलेल्या तुकड्यांतून लेकाला दप्तर शिवून देते. शाळेत पोरं हसतात. लेक घरी येऊन दप्तर कोपऱ्यात भिरकावतो. आई चकार शब्द काढत नाही. उचलते आणि त्याला आतून एक खिसा लावून देते.

ते दप्तर काचवाल्याचं होतं. खिसा त्याच्या दप्तराला लागला होता. चित्रकाराचं दप्तर चामड्याचं होतं, पितळी कडीचं, आणि हसणाऱ्या पोरांत पहिला नंबर त्याचाच होता.

दोघे एकाच इमारतीत वाढले. खाली चित्रकाराच्या वडिलांचं कापडाचं दुकान, वरचे दोन्ही मजले त्यांच्या राहण्याचे, आणि जिन्याखालच्या खोलीत काचवाला आणि त्याची आई. चित्रकार लहानपणापासून चित्रं काढायचा. वडिलांना ते थेर वाटायचे. मग तो खाली येऊन बसायचा. काचवाल्याची आई त्याला काळी चिंधी द्यायची, डिंक द्यायची, चिकटव म्हणायची. पुढे तो मोठा झाला, परदेशात जाऊन आला, पण काचवाल्याला विसरला नाही. काचवाल्याला याचा केवढा अभिमान! गिऱ्हाइकाने चित्रांचा विषय काढायचा अवकाश, की हा सांगायचा, माझा दोस्त आहे तो, आम्ही एका जिन्यावर खेळलोय.

मागे एकदा चित्रकार स्वतः घरी आला होता. "मावशीचा एखादा फोटो आहे का रे? मला तिचं चित्र काढायचंय. मोठा करून, नवीन फ्रेम घालून परत देतो." आईचा एवढा एकच फोटो होता. काचवाल्याने खुर्चीवर चढून तो भिंतीवरून काढला, रुमालाने पुसला आणि दिला. चहा पिता पिता चित्रकाराने आईबद्दल खूप विचारलं, आणि याने भडाभडा सगळं सांगितलं. दप्तराचंही. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर चित्रकाराने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. आता त्या हाताची आठवण होऊन त्याची पाठ शहारली.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, तिची सुरी थांबली.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, एकुलता एक फोटो देऊ नका. पण नाही. दोस्त ना! दोस्ताने मागितलं असतं तर मलाही गुंडाळून दिलं असतंत."

"तुला न्यायला चार माणसं लागली असती," तो सवयीने म्हणाला, पण दोघांनाही हसू आलं नाही.

"हे बघा," बायको म्हणाली, "तुम्ही उद्याच्या उद्या जा. आणि तिथे जाऊन चपला कुठे काढू विचारत बसू नका. सरळ म्हणायचं, माझी आई मला परत दे. आमच्या सासूबाई आहेत त्या. दहा मार्कांचा प्रश्न नाही."

रात्रभर त्याने मनात वाक्यं जुळवली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून अर्धी सुट्टी टाकून गेला.

चित्रकाराचं घर टेकाडावर होतं, आणि घराला लागून चित्रं काढायची भलीमोठी खोली. दाराजवळच त्या पुस्तकाच्या प्रतींची चळत रचलेली. भिंतीला एक काळं चित्र टेकवलेलं होतं, दोन माणसांच्या उंचीचं. खरं सांगायचं तर चित्र चांगलं होतं. काळ्यावर काळा तुकडा, कडेने उसवत आलेली शिवण. आईची शिवण अशीच तिरकी पडायची. काचवाल्याला त्याचाच जास्त राग आला.

"बारक्या! अरे ये, ये!" चित्रकाराने मिठीच मारली. अंगाला टर्पेंटाइनचा वास. "पुस्तक पाहिलंस? तुझ्यासाठी प्रत बाजूला काढून ठेवलीय."

"माझी आई तुझी कधीपासून झाली?"

रात्रभर जुळवलेल्या वाक्यांत हे नव्हतंच. पण निघून गेलं तोंडातून. चित्रकाराने हात काढून घेतले, स्टूल ओढलं आणि बसला.

"बस. ऐकून तर घे. पुस्तकाचा लेखक वर्षभर माझ्यामागे लागला होता. हा काळा रंग कुठून आला, हा काळा कुठून आला. मी म्हटलं, जिन्याखालून. आई छत्र्या शिवायची. तोंडातून गेलं ते गेलं. त्याचे डोळे असे चमकले की मला दुरुस्तच करवेना. कापडवाल्या धनिकाचा मुलगा, पोटभर जेवायचा आणि चित्रं काढायचा, हे कोण वाचणार?"

"तोंडातून गेलं. आणि फोटो? तो पण तोंडातून गेला?"

चित्रकार बोटावरचा रंग नखाने खरवडू लागला.

"म्हणजे फोटो न्यायला आलास तेव्हाच तुझं ठरलं होतं. माझ्याकडे चहा प्यालास. मला रडू दिलंस. तेव्हा मनात हेच होतं."

"बारक्या, मी तिच्याजवळ किती बसलोय तुला ठाऊक आहे? तू खेळायला पळायचास. मी बसायचो. मला कापडाला हात लावायला तिने शिकवलं. मी तिला आईच मानत होतो."

"मावशी म्हणायचास."

"शब्दाचं काय घेऊन बसलास?" चित्रकार चिडला, खऱ्याने कोपऱ्यात गाठलं की त्याला लहानपणापासून राग यायचा. "आज तिला देशोदेशी लोक ओळखतात. पोरं तिच्यावर निबंध लिहितात. तुझ्याकडे राहिली असती तर काय झालं असतं तिचं? एक खिळा आणि एक फोटो. तुझी नातवंडं मोठी झाली की तोही माळ्यावर."

हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

"माझा फोटो दे."

"तो छापखान्यात गेला होता. लेखकाकडे असेल. सापडला की पाठवतो." चित्रकार उठला. पुस्तकाची प्रत घेतली, आत सही ठोकली आणि पुढे केली. "पुढच्या आवृत्तीत आभाराच्या यादीत तुला टाकतो. शब्द देतो."

याचा शब्द! काचवाल्याने प्रत घेतली नाही. आता जगात आईचा चेहरा फक्त या पुस्तकात होता, आणि तेवढ्यासाठी तरी घ्यायला हवी होती, पण हात पुढे झाला नाही. तो वळला आणि बाहेरच्या पडवीतून चालू लागला.

"बारक्या का रे तू?"

पडवीच्या टोकाला आरामखुर्चीत चित्रकाराची आई बसली होती. नव्वदी कधीच ओलांडली होती तिने. सगळ्या इमारतीच्या त्या काकू. जिन्याखाली कधी उतरल्या नाहीत, पण वरून वाटीतून काहीबाही पाठवायच्या. आता त्यांच्या मांडीवर ते पुस्तक होतं, आणि नाकावर काचवाल्यानेच बसवून दिलेला जाड भिंगांचा चष्मा. त्याचा काही उपयोग नाही हे त्याला माहीत होतं. डोळ्यांचा मधला पडदाच गेला होता. आता कुठला नंबर त्यांना चेहरे दाखवणार नव्हता. तरी त्या लावायच्या.

"चालण्यावरून ओळखलं बघ. बस इथे. एक काम कर माझं. माझा फोटो शोधून दे यात."

काचवाला उभाच राहिला.

"लेक म्हणाला, आई, पानभर फोटो आहे तुझा. पान नंबर विचारला तर म्हणाला, बघ की सापडेल. सकाळपासून पानं उलटतेय, सगळं काळंच लागतंय हाताला. त्या सांभाळणाऱ्या बाईला विचारलं तर म्हणते, मला वाचता येत नाही. औषधाच्या बाटल्या बऱ्या वाचते!" काकू हसल्या. मग आवाज खाली गेला. "तू खरं सांग. आहे ना रे मी? तो हल्ली मला काही बोलतो आणि विसरतो. तू खोटं बोलणारा नाहीस."

एक वाक्य पुरेसं होतं. काकू, तुमच्या लेकाने तुम्हाला पुस्तकातून काढून टाकलंय आणि तुमच्या जागी माझी आई बसवलीय. सूड घ्यायला याहून सोपी संधी आयुष्यात मिळाली नसती. आणि ते खोटंही नव्हतं. आतून चित्रकाराच्या चालण्याचा आवाज येत होता. त्याला हे ऐकूही गेलं असतं. काचवाल्याने तोंड उघडलंसुद्धा.

काकूंनी पुस्तक त्याच्या दिशेने धरलं होतं. वजनाने त्यांची मनगटं थरथरत होती.

त्याने पुस्तक घेतलं. पान शोधावं लागलं नाही, बोटांनी आपोआप उघडलं. ते त्यांच्या मांडीवर ठेवून त्याने त्यांचं बोट फोटोवर नेलं.

"हा बघा. इथे आहात."

"आहे?" काकूंनी सगळा तळवा त्या गुळगुळीत कागदावर पसरला. "खरंच की पानभर. मला वाटलं, गेले असेन मी त्याच्या मनातून." त्यांनी चष्म्याखालून डोळे पुसले. "कशी दिसतेय रे मी?"

आईबद्दल इतकी वर्षं कुणी त्याला विचारलं नव्हतं. चित्रकाराने विचारलं होतं, पण ते न्यायला. काचवाला खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.

"केस काळे आहेत अजून," तो म्हणाला. "मधोमध भांग. एक बट सुटलीय कानावर. भुवया दाट."

"माझ्या भुवया कुठे दाट होत्या?"

"फोटोत दिसताहेत."

"बरं. आणखी?"

"खाली बघताय. मांडीवर काही तरी काम आहे." तो फोटोवर आणखी वाकला. "फोटो काढणाऱ्याने हाक मारली असेल, पण तुम्ही हातातलं सोडून वर बघितलेलं नाही. ओठ मिटलेले. रागावलेल्या वाटता, पण रागावलेल्या नाही."

"मग?"

आतल्या पावलांचा आवाज दाराशी येऊन थांबला होता. काचवाल्याने तिकडे बघितलं नाही.

"दमलाय," तो म्हणाला. "फार दमलाय तुम्ही."