पडद्यावरचं इंजिन

"अरे, इंजिनात तोंड खुपसून काय बोलतोस? वर बघून बोल ना बाबा."

लाँच चालवणाऱ्या रॉनी बाप्टिस्टने पुन्हा सांगितलं तेव्हा कुठे सुशांतने मान वर केली. वडाळ्याचा हा फिटर गेले काही दिवस भाऊच्या धक्क्यावर येऊन लाँचची फळी उघडून बसायचा, आणि केबिनमधल्या पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा.

"अंकल, इंजिनची भाषा वेगळी, पडद्याची वेगळी. मधली ही डबी दुभाष्या. तिला करंटच पोचत नाय."

"मग बदल की."

"कालच बदलली ना."

रॉनीचं डोकं सणकलं. आधी पिन चुकीची निघाली. मग वायर तोकडी पडली म्हणून स्वारी रे रोडला गेली, ती संध्याकाळपर्यंत गायब. एवढ्यात माणूस पोरीचं लग्न उरकतो.

घाई रॉनीलाच होती. त्याचे कान कधीचेच गेले होते. पण जुनं इंजिन असं धडधडायचं, की काय बिनसलंय ते तळपायांना कळायचं. त्यावर निभत होतं. लाँचचे मालक चिंतामणी शेठनी हे नवं बसवलं आणि पंचाईत झाली. एवढं मऊ चालतं लेकाचं, की चालू आहे की बंद तेच समजत नाही. बायकोला, मॉडला, सगळं ठाऊक होतं. "शेठला सांगून टाक रे," म्हणून ती ओरडून दमली. पण सांगितलं की तांडेलकी गेली. त्यापेक्षा आकडे दिसू देत, बस.

सुशांतने खालून किल्लीची खूण केली. रॉनीने फिरवली. रेघा गेल्या आणि आकडा उमटला. सातशे. त्याने रेस वाढवली, नऊशे. कमी केली, परत सातशे. त्याला इतकं बरं वाटलं, की पडद्याकडे बघत तो एकटाच हसत बसला.

मागून एक हात आला आणि त्याने डोक्यामागच्या धोक्याच्या भोंग्याचं बटण दाबून तो बंद केला. रॉनी दचकून वळला. सुशांत धापा टाकत होता.

"अंकल, कवाचा वाजतोय. तेलाची वायर सुटली माझ्याकडून. खालून किती बोंबललो."

दारात चिंतामणी शेठ उभे होते. भोंगा ऐकून धक्क्यावरून धावत आले होते. चिडले असते तर बरं झालं असतं. मिशीआडून ते काहीतरी हळू बोलले. रॉनीने मान डोलावली, न ऐकू आलेल्या प्रत्येक गोष्टीला डोलवायचा तशीच. सुशांतने नजर खाली घातली, तेव्हा रॉनीला उमगलं आपण कशाला हो म्हटलं ते. उद्यापासून लाँच दुसरा तांडेल नेणार.

त्याने स्वतःच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पडद्यावर परत रेघा आल्या.

"ती वायर घट्ट बसव हां," तो सुशांतला म्हणाला. "नवीन माणसाला त्रास नको."

मग खिशातला रुमाल काढून त्याने पडद्यावरचे तेलकट बोटांचे ठसे सावकाश पुसले.