ग्रॅनाइटच्या पायरीवरील आकडा

बेंगळुरूच्या जे. पी. नगरातील एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन उघडण्यास एक तास उरला असताना, दहावीतील वल्लरीला तिच्या तक्त्यावरील एक आकडा पुसण्याचा हुकूम झाला.

वल्लरीने किरणोत्सार मोजणारे यंत्र मांडले होते. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन दाटीने नांदतात. काही केंद्रकांना ती दाटी पेलवत नाही, ती आपोआप फुटून कण बाहेर फेकतात, आणि असा कण यंत्राच्या नळीत शिरला की ते टक् करते, हे तिला मुखोद्गत होते. प्रयोगशाळेतील मदतनीस बसवंतअण्णांनी चिकपेटच्या एका दुकानातून गॅसबत्तीची जुनी, थोरियमयुक्त जाळी हुडकून आणली होती. जाळी ठेवली की मिनिटाला दोनशे दहा टक्टक् होत. जाळी नसताना अडतीस.

या अडतीसनेच घात केला. विज्ञान शिकविणाऱ्या सुचेताबाई मूळच्या पुण्याच्या. वल्लरीशी त्या मराठीतच बोलत. काही ठेवलेले नसताना यंत्र वाजते हे पाहून पालक बिथरतील, शाळेच्या नावाने बोंब होईल, सबब तेथे शून्य लिहावे, असे त्यांनी बजावले. वल्लरीने विनयपूर्वक सांगितले की, हे कण दगडांतून, मातीतून, आकाशातूनही येतात, ते अत्यल्प असल्याने भिण्याचे कारण नाही. आणि अडतीस वजा केल्यावाचून जाळीचा खरा आकडा निघतच नाही.

“शून्य लिही, नाहीतर टेबल सभागृहाबाहेर. जिल्ह्याच्या निवडीतूनही नाव जाईल.”

“मग बाहेर,” वल्लरी म्हणाली.

टेबलाचे दुसरे टोक बसवंतअण्णांनी उचलले. “स्वल्प हळू, अक्का. यंत्र तुझं, नोकरी माझी. दोन्ही पडायला नको.”

प्रवेशद्वाराच्या ग्रॅनाइटच्या पायरीवर तिने यंत्र ठेवले, जाळी डब्यात घालून दूर सारली, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती घड्याळ दिले. प्रत्येकाने मिनिटभर मोजावे, कागदावर आकडा लिहावा, पुढे सही करावी. कोणीही पळाले नाही. एका गृहस्थांनी आपला स्वयंपाकाचा ग्रॅनाइटचा ओटाही असाच वाजेल काय असे विचारले, आणि होकार मिळताच समाधानाने मान डोलावली.

गर्दी पाहून सुचेताबाई आल्या. वल्लरीने मुकाट्याने घड्याळ त्यांच्यापुढे धरले. चारचौघांत नाही म्हणता येईना, बाईंनी मोजले. त्रेचाळीस.

“बघ, तुझे अडतीसही चुकलेच.”

“चुकले नाहीत, बाई. कोणतं केंद्रक कोणत्या क्षणी फुटेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून आकडा कमीजास्त होतो. सरासरी अडतीस. पण शून्य आलं का?”

वल्लरीने पेन दिले. बाईंनी बारीक अक्षरांत त्रेचाळीस लिहिले व त्या वळल्या. टेबल आत नेण्यास त्यांनी सांगितले नाही, वल्लरीनेही विचारले नाही. तिने केवळ कागद पुन्हा पुढे केला.

“सही राहिली, बाई.”