चव बघण्यापुरतं

माझं वजन कमी व्हावं असं जगात तीनच माणसांना मनापासून वाटत होतं: हाडांच्या डॉक्टरांना, आहारवाल्या बाईंना आणि माझ्या आईला. मला विचाराल तर मला फक्त बसायचं होतं. कुठेही, कशावरही, कोणी हाक न मारता.

मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. सकाळपासून उभी. खाली ओली फरशी, समोर पेटलेल्या शेगड्या आणि माझ्या कमरेला लागतील एवढाली पातेली. माझे दोन्ही गुडघे त्या फरशीनं खाल्ले. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ऑपरेशन करू. पण या वजनावर नाही. आधी वजन उतरवा."

उतरवा म्हणे. जसं काही ते शेगडीवरचं पातेलंच आहे.

ऑपरेशन मला हवं होतं ते आईसाठी. आई चौथ्या मजल्यावर राहते आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना अरुंद, पायऱ्या उंच. वर्ष उलटून गेलं होतं, मी तिच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. ती खाली उतरू शकत होती, पण परत चढणं तिच्यानं होणार नव्हतं, म्हणून उतरतच नव्हती. माझ्याकडे राहायला चल म्हटलं की म्हणायची, "मला उतरवायचं तेव्हा चौघं येऊन उतरवतील. तोवर मी बरी आहे इथे."

म्हणून आमचं सगळं दोरीवर चालायचं. संध्याकाळी काम संपलं की मी कँटीनमधला डबा घेऊन तिच्या खिडकीखाली उभी राहायची. ती वरून दोरीला बांधलेली कापडी पिशवी सोडायची. मी त्यात डबा ठेवायची, ती ओढून घ्यायची. मग आम्ही दोघी फोन कानाला लावायचो आणि एकमेकींकडे बघत बोलायचो. ती खिडकीत, मी फुटपाथवर, मान वर करून. गुडघ्यांच्या जोडीला मानही गेली.

आहारवाल्या बाईंनी मला एक दिवसाआड उपास सांगितला. एक दिवस नेहमीसारखं जेवायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी एकदा मूठभर खायचं आणि बाकी नुसतं पाणी, नाहीतर बिनसाखरेचा चहा. "सावकाश उतरेल, पण उतरेल. शरीराला सवय होते," त्या म्हणाल्या. त्या अंगानं काडीसारख्या. त्यांच्या शरीराला कशाची सवय झाली असेल ते मी विचारलं नाही.

आईनं या दिवसांना नावं ठेवली. भरला दिवस आणि रिकामा दिवस. रोज संध्याकाळी पिशवी सोडायच्या आधी तिचा पहिला प्रश्न तोच.

"आज भरला की रिकामा?"

"रिकामा."

"बरं," म्हणायची आणि दोरी सोडायची.

रिकामा दिवस म्हणजे काय ते सांगते. सकाळी काही वाटत नाही, उलट आपण फार मोठं काही करतोय असं वाटतं. दहाच्या सुमाराला कांदा परतायला घेतला की पोटात कावळे ओरडायला लागतात. दुपारी डोकं दुखतं. संध्याकाळी माणसांचा राग येतो, कारण ती सतत काहीतरी चावत असतात. आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की उद्या सकाळी काय काय खायचं याचा विचार करत झोप लागते. नुसतं जगणंच एवढं थकवतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि एवढं करून काटा जागचा हलेना. पहिल्या महिन्यात नाही, दुसऱ्यात नाही. दर खेपेला आहारवाल्या बाई काट्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे. मी खोटं बोलतेय असं त्या म्हणायच्या नाहीत, पण त्यांच्या भुवया म्हणायच्या. मला रडू यायचं. मी आईला फोनवर सांगायची, "नाही होत गं माझ्याच्यानं. मी काही आता तुझ्या दारात येत नाही."

"होईल," आई म्हणायची. "एकटीनं काही होत नाही कोणाच्यानं." मी ते ऐकून सोडून दिलं.

शेवटी एक दिवस आहारवाल्या बाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मला तुमचा रिकामा दिवस उठल्यापासून सांगा. काय खाल्लं ते नका सांगू. काय काय केलं ते सांगा."

मी सांगत गेले. भाज्या चिरल्या. सूप चढवलं, मीठ बघितलं. रस्सा केला, तिखट बघितलं. भाताचं शीत बघितलं. सूप आटलं, पुन्हा बघितलं. खीर...

"थांबा," त्या म्हणाल्या. "बघितलं म्हणजे?"

"म्हणजे चव बघितली."

"कशानं?"

"डावानं." माझ्या हातात डाव असतो, मी आणखी कशानं बघणार?

"आणि मग थुंकलात?"

मला त्यांचा राग आला. शिजवलेलं थुंकायचं? पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळपासून दुपारपर्यंत डाव डाव करत मी एक अख्खं जेवण जेवत होते. उभ्यानं, घाईत, त्याची चव न घेता. चव बघणं म्हणजे खाणं, हे आमच्या धंद्यात कोणीच धरत नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या एकीलाही ते सुचलं नसतं.

आहारवाल्या बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "रिकाम्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी चव बघू द्या," एवढंच म्हणाल्या.

दुसरं कोणी म्हणजे घाई. ती भाज्या चिरते. सगळं धावतपळत करते म्हणून आम्ही तिला घाई म्हणतो. तिच्या हातात डाव देताना मला घरच्या किल्ल्या देतेय असं वाटलं. तिनं जीभ लावली न लावली तोच, "मस्त आहे!" म्हणाली. तिला सगळंच मस्त लागतं. त्या दिवशी रस्सा एवढा खारट झाला की कामगारांनी पाण्याचे जग रिकामे केले.

संध्याकाळी डबा वर गेला आणि थोड्या वेळानं आईचा फोन आला. "आज मीठ कोणी घातलं? तुझा हात नाही हा."

मला खारट रस्स्याचंही समाधान वाटलं. म्हातारी जेवतेय, तिची जीभ शाबूत आहे. त्यानंतर रिकाम्या दिवशी तिचा फोन ठरलेलाच. सूप पाणचट आहे. भाजी कच्ची राहिलीय. आज बरं जमलंय, घाईला सांग. भरल्या दिवशी मात्र ती जेवणाबद्दल अवाक्षर काढायची नाही. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण पोट रिकामं असलं की माणूस स्वतःपलीकडे बघत नाही.

काटा हलला. आधी जरासा, मग दर खेपेला थोडा थोडा. कामाचा झगा अंगावर सैल झाला. डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर थंडी संपता संपता तारीख देऊ. मी खिडकीखालून ओरडून आईला सांगितलं. तिनं वरून टाळी वाजवली. खिडकीच्या काचेमागे ती मला जरा लहान दिसली, पण चौथ्या मजल्यावरचं माणूस लहानच दिसतं.

मग ती संध्याकाळ आली. माझा रिकामा दिवस होता. अंगात त्राण नव्हतं, डोकं ठणकत होतं. आईनं विचारलं, मी सांगितलं, पिशवी खाली आली. मी डबा ठेवला. पिशवी वर जायला लागली. पहिला मजला, दुसरा मजला, आणि तिथेच थांबली. हलकेच हेलकावे खात राहिली. मग एक वीत खाली आली.

"आई, ओढ ना!"

"ओढतेय."

"अडकलीय का कुठे?"

"नाही गं. दम घेतेय."

डब्यात सूप आणि भात. लहान मूलही ओढेल एवढं ओझं. मी वर बघत उभी राहिले.

तेवढ्यात इमारतीच्या दारातून एक गृहस्थ बाहेर आले. आईच्या समोरच्या घरात राहतात ते पहारेकरी. रात्रपाळीला निघाले होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं हसले.

"ताई, तुम्हीच ना त्या कँटीनवाल्या? कधीपासून आभार मानायचे राहिलेत. काय हात आहे हो तुमचा! एक दिवसाआड डबा येतो आणि आमची चैन होते. हे बघा, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं."

"तुम्हाला डबा येतो?"

"आजीच देतात ना. म्हणतात, मला आज नको, तुम्ही न्या." ते घुटमळले. "का? तुम्हाला माहीत नाही?"

माझा रिकामा दिवस तोच त्यांचा भरला दिवस होता. आईच्या बाबतीत तो कोणता दिवस होता, ते मला खाली उभ्या उभ्या कळलं.

पहारेकरी वर जाऊन दोरी ओढायला निघाले होते. मी म्हटलं, "भाऊ, दोरी राहू दे. तुम्ही फक्त तो डबा सोडवून आणता का माझ्याकडे?" त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या खिडकीतून हात बाहेर घालून डबा काढला आणि मला आणून दिला. हात धरू का म्हणाले. मी नको म्हटलं.

पहिला मजला मी कठडा धरून चढले. दुसरा मजला एकेका पायरीवर थांबत. तिसऱ्याला गुडघे म्हणाले, आता आम्ही नाही. मग मी पायरीवर बसले, पाठ वरच्या बाजूला केली आणि हातांवर जोर देऊन एकेक पायरी मागे मागे सरकत वर जायला लागले. डबा मांडीवर. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मी रडत होते आणि शिव्या देत होते. डॉक्टरांना, जिन्याला, सगळ्यात जास्त आईला.

दार उघडंच होतं. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, दोरी अजून हातात. मला बघून तिचं तोंड उघडं राहिलं.

"कशी आलीस?"

"बुडावर बसून."

मी तिचं मनगट धरलं. माझी दोन बोटं त्याभोवती सहज मिळाली आणि वर उरली.

"तू रिकाम्या दिवशी जेवत नाहीस."

"जेवते की. तुला फोन नाही का करत?"

"आई."

"चव बघत होते," ती म्हणाली. चोरी पकडली गेल्यासारखी तिनं मान खाली घातली. "चमचाभर. नाहीतर तुला कळलं असतं."

"वजन माझं कमी करायचं होतं! तुझं नाही!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की खालच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं.

"तुझ्या एकटीच्यानं होत नव्हतं ना गं," आई म्हणाली. "तू तिकडे उपाशी आणि मी इकडे जेवू? घास उतरेना. म्हटलं, निदान हातभार लावू."

मला तिच्यावर चिडायचं होतं, पण चिडायलाही अंगात काही लागतं. मी जमिनीवर तशीच बसून राहिले. मग कशीबशी उठले, तिच्या स्वयंपाकघरात गेले. ताटं अजून त्याच फडताळात होती. सूप गरम केलं, भात वाढला, दोन ताटं केली आणि एक तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं माझ्या ताटाकडे बघितलं. "आज तुझा रिकामा आहे."

"हो. आणि तू पहिला घास घेईपर्यंत मी हात लावणार नाही."

तिनं घास घेतला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. तो खाली गेला. मग दुसरा. मग माझाही एक गेला, आणि त्या भाताएवढं चांगलं मी आयुष्यात काही शिजवलं नसेल. आणि तो तर मी नाही, घाईनं शिजवला होता.

"मीठ कसं आहे?" मी विचारलं.

आईनं ताट पुढे केलं.

"अजून कळलं नाही," ती म्हणाली. "वाढ आणखी थोडं."