कानटोपी

केतकीच्या गर्भाशयात शिरल्याबरोबर चिंतामणीच्या लक्षात आलं, की आपण जरा जास्तच कपडे घालून आलो आहोत. स्वेटरवर स्वेटर, मफलर आणि वर कानटोपी. वारा बाधेल म्हणून आईने निघताना सगळं अंगावर चढवलं होतं. आजूबाजूला लाखो माणसं होती, सगळी चिंतामणीच होती आणि तशीच गुंडाळलेली होती. पार आतल्या टोकाला केतकी कितीतरी वर्षांपासून अर्धं टोपडं विणून बसली होती. आज कुणीच पोचलं नाही तर ते अर्धंच राहणार, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बोळ अरुंद झाला तिथे केतकीची इंदूआत्या पाट मांडून बसली होती.

"आल्या आल्या कुठे निघालात, जावईबापू? असे गेलात तर दारातून परत याल. टेका जरा."

तिने खायचा सोडा घातलेलं कोमट पाणी दिलं आणि एकेक स्वेटर उतरवायला घेतला. चिंतामणी आधी चुळबुळला. मग त्याला बरं वाटायला लागलं. इतकं हलकं त्याला मुंजीनंतर कधी वाटलं नव्हतं.

"कानटोपी तेवढी राहू द्या," आत्या म्हणाली.

शेजारच्या चिंतामणीला फार उकडत होतं. त्याने टोपी काढून तिचाच पंखा केला. टोपी त्याच्या हातात विरघळून गेली.

"झालं. आता तुम्ही माझ्याशी गप्पा मारा," आत्या त्याला म्हणाली. तोही खुशाल मांडी घालून बसला.

मग आत्याने टोपीवाल्या चिंतामणीला विडा दिला. चुना अंमळ जास्तच होता. तो थेट पायांत उतरला, दोन्ही पाय जुळून त्यांचं लांब शेपूट झालं आणि ते सपासप फटकारे मारू लागलं.

"हं, आता निघा."

शेवटची भिंत काचेची होती. पलीकडे केतकी सुया घेऊन बसली होती. चिंतामणीने काचेला डोकं टेकलं. कानटोपी वितळली आणि तिच्याबरोबर टोपीएवढी काचही. तो आत पडला, शेपूट थांबलं. मागे काच जुळून घट्ट झाली. बाहेरच्या चिंतामणींनी थोडा वेळ टकटक केली आणि सोडून दिली.

"उशीर केलास," केतकी म्हणाली.

"आत्यांनी बसवून घेतलं."

"बरं केलं. लोकर आणलीस?"

त्याने रिकामे हात दाखवले. केतकीने त्याच्या टाळूवरून बोटं फिरवली. तिला एक टोक सापडलं, ते तिने सुईवर घेतलं आणि विणायला लागली. कपाळापर्यंत उसवला तरी चिंतामणी हलला नाही. त्याला फार सुख वाटत होतं.

तेवढ्यात टोपड्याने वळून त्याच्याकडे पाहिलं.