मास्तरांनी निवडलेला माणूस

एकेचाळीस वर्षं मास्तर त्या एकाच लांब टेबलाशी उभे राहून कापड कापत आले होते. शिवणाऱ्या बायका बदलल्या, मशिनं बदलली, जुने मालक जाऊन त्यांची सून मालकीण झाली, पण कात्री मास्तरांचीच. आणि एका सकाळी मालकीणबाईंनी अगदी मायेनं सांगितलं, "मास्तर, डोळे थकलेत तुमचे. या महिनाअखेरीस आराम करा. तुमच्या जागी माणूस मात्र तुम्हीच निवडायचा. तुम्ही बोट ठेवाल तो माझा."

मायेनं सांगितलेल्या गोष्टीवर माणसाला रागावताही येत नाही. मास्तर 'बरं' म्हणाले आणि पुन्हा कापडावर वाकले.

परीक्षेला दोघं आली. दोघांपुढे मास्तरांनी सारखंच चौकड्यांचं कापड टाकलं आणि जाकीट कापायला सांगितलं.

पहिली एक बाई होती, पस्तिशीची. तिनं कात्रीला हातच लावला नाही. आधी कापडावरून तळवा फिरवला, ते उजेडाकडे धरलं, एका जागी विणीतला बारीकसा दोष दिसला त्याभोवती खडूनं गोल केला आणि मग मापाचा कागदी फर्मा मांडला. चौकडीला चौकडी अशी जुळली, की कापल्याची रेघ शोधावी लागावी. ही आली की आठ दिवसांत आपलं नाव कुणी काढणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

दुसरा चाळिशीचा, जाडसर, घामेजलेला. ज्या गोदामात पोती मोजायचा ते बंद पडलं होतं. कापड कापायला पुतणीकडे शिकलो, म्हणाला. जीभ दातांत धरून त्यानं सरळ कात्री चालवली. चौकड्या एकमेकींशी भांडल्यासारख्या तिरप्या गेल्या.

"जमेल?" मास्तरांनी विचारलं.

"सावकाश जमेल," तो म्हणाला.

मास्तरांनी त्याच्यावर बोट ठेवलं.

मालकीणबाई चकित झाल्या. "हा? नक्की?"

"हात कच्चा आहे, पण माणूस घडण्यासारखा आहे," मास्तर म्हणाले. त्या बाईनं आपले कापलेले तुकडे नीट घडी करून टेबलावर ठेवले आणि ती निघून गेली. जाताना मास्तरांना नमस्कार करायला विसरली नाही. तो नमस्कार त्यांना टोचला, पण मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही. महिनाभरात हा काहीतरी घोळ घालेल, मग मालकीणबाई धावत येतील: मास्तर, तुमच्याशिवाय नाही हो चालत. एवढंच तर हवं होतं. कुणाचं वाईट कुठे चिंतलं?

शिवणाऱ्या बायकांनी नव्या माणसाचं नावच 'सावकाश' ठेवलं. "सावकाशभाऊ, बाही आज मिळेल की नातवंडं झाल्यावर?" असं कुणी विचारलं की तोच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. काम मात्र जीव ओतून करायचा. आणि दर रविवारी सकाळी मास्तरांच्या घरी हजर. येताना वहीत प्रश्न लिहून आणायचा.

"मास्तर, काखेचा गोल कापताना किती सोडायचं?"

"अंदाजानं."

"मास्तर, जाड कापड दुहेरी घालता येत नाही ना, मग एकेरीवर फर्मा कसा मांडायचा? दोन्ही बाजूंना सारखाच?"

मास्तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "हाताला कळतं ते. हळूहळू."

तो 'हाताला कळतं' असं वहीत लिहून घ्यायचा. चहा पिऊन, "काकू, येतो," म्हणून जायचा. मास्तरांच्या बायकोनं एकदा हलकेच म्हटलं, "अहो, तहानलेला दारात येतो आणि तुम्ही त्याला रिकामा तांब्या दाखवता. देव बघतो हो." मास्तरांनी पान उलटलं.

तिसऱ्या महिन्यात बँडवाल्यांच्या चाळीस कोटांचं काम आलं. कापड दुहेरी घातलं की डावा-उजवा आपोआप निघतो, पण हे घोंगडीसारखं जाड, दुहेरी होईना. सावकाशनं ते एकेरी अंथरलं आणि चार दिवस खपून कोटांच्या पुढच्या बाजू कापल्या. फर्मा सगळीकडे सारखाच मांडला, एकदाही उलटा केला नाही. ऐंशीच्या ऐंशी तुकडे डावे. उजवी बाजू एकाही कोटाला नाही. शिवणारी पहिली बाई दोन तुकडे हातात घेऊन हसायला लागली, आणि हसता हसता बाकीचे तुकडे चाळू लागली.

मास्तरांच्या कानावर हे आलं त्या दिवशी त्यांनी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि बोलावण्याची वाट बघत बसले. चौथ्या दिवशी ते स्वतःच गेले. त्यांचं टेबल भिंतीला उभं करून ठेवलं होतं.

"आता कापून आलेलंच कापड घेणार आहे मी," मालकीणबाई म्हणाल्या. "बाहेर यंत्रावर कापून मिळतं. परीक्षेला आलेल्या त्या बाईंना शोधलं होतं, पण त्या कुठे लागल्या म्हणे." मग म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर घेतलं होतं, मास्तर." आवाज मायेचाच होता.

रविवारी सावकाश आला. या वेळी हातात वही नव्हती. तो नेहमीच्या खुर्चीवर न बसता दाराजवळच्या स्टुलावर बसला.

"बाई म्हणाल्या, मास्तरांची निवड चुकली. मी म्हटलं, मास्तर चुकायचे नाहीत, मीच कमी पडलो. एकच विचारायला आलोय. माझ्यात तुम्ही काय बघितलं होतंत? तेवढं सांगा. पुढे कुठे विचारलं, तर मला सांगता येईल."

"काही नाही बघितलं रे," ते म्हणाले. "तुला येत नव्हतं म्हणून घेतलं. तू चुकशील आणि मला परत बोलावतील म्हणून."

सावकाश हसला. "मला बरं वाटावं म्हणून दोष अंगावर घेताय. काकू, बघा हो यांचं!"

काकू पदराचं टोक बोटांत धरून खाली बघत राहिल्या.

मास्तर उठले. पेपराचं पान फाडलं, कोटाची पुढची बाजू कापली. तोच कागद उलटा करून दुसऱ्या पानावर ठेवला, पुन्हा कापलं आणि दोन्ही तुकडे त्याच्यासमोर मांडले. एक डावा, एक उजवा.

"एवढंच?" सावकाशनं विचारलं.

"एवढंच."

तो दोन्ही तुकडे बोटांनी जुळवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जसं मावळत गेलं, ते मास्तरांना बघवेना.

"मी विचारलं होतं तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "हेच विचारलं होतं."

"हो."

काकूंनी आणलेला चहा त्यानं घेतला नाही. उठला, चपला घातल्या.

"घरी काय सांगू?"

"खरं ते सांग. माझं नाव घेऊन सांग."

"कसं सांगू, मास्तर?" सावकाश म्हणाला. "माझी मुलगी शाळेत सगळ्यांना सांगत फिरते, इतक्या लोकांतून माझ्या बाबांनाच निवडलं म्हणून."

आणि दार हळूच लोटून घेऊन तो जिना उतरला.